कुंभकोणमच्या विद्यार्थ्याला अमेरिकन फुटबॉल दिसतो, कबड्डी का दिसत नाही?

२२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. देशभर तो राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो आणि त्या सुमारास तमिळनाडूतील कुंभकोणम या कावेरीकाठच्या गावाचे नाव विज्ञानाच्या बातम्यांत हमखास झळकते. रामानुजन यांचे राहते घर तेथे जतन केलेले आहे. ३२ वर्षांपर्यंतच्या गणितज्ञांसाठी असलेला शास्त्र विद्यापीठाचा रामानुजन पुरस्कार २००५ पासून तेथेच प्रदान होतो. पहिल्या वर्षी तो मंजुल भार्गव आणि कन्नन सौंदरराजन यांना विभागून मिळाला होता. भाषणे होतात, पुष्पहार वाहिले जातात आणि असा विद्यार्थी या मातीत पुन्हा कसा घडेल, हा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारला जातो.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडतो. तो आहे अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या आकडेवारीत. कुंभकोणमच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकणारा एखादा विद्यार्थी आज रात्री संगणक उघडून बसला, तर १९९९ पासूनच्या अमेरिकन फुटबॉल लीगमधील प्रत्येक सामन्याची, प्रत्येक खेळीची नोंद त्याला काही मिनिटांत फुकट उतरवून घेता येईल. त्याच विद्यार्थ्याला गल्लीत खेळल्या जाणाऱ्या, दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या कबड्डीबद्दल तेवढ्याच खोलीचा अभ्यास करायचा असेल, तर हाती लागतात त्या प्रामुख्याने बेरजा: कोणी किती गुण मिळवले, किती पकडी केल्या. जो खेळ त्याने कधी मैदानावर पाहिलेला नाही तो त्याच्यासाठी उघडा आहे आणि जो त्याच्या अंगणातला आहे तो झाकलेला आहे. ही विसंगती क्रीडारसिकांपुरती मर्यादित नाही. देशातील संख्याशास्त्राच्या शिक्षणाशी तिचा थेट संबंध आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हे खोल विश्लेषण आले कोठून, हे आधी पाहिले पाहिजे. त्या खेळाचा गाभा सोपा आहे. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पार झाले की पुन्हा चार प्रयत्न; नाही झाले तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. त्यामुळे चौथ्या प्रयत्नाला प्रशिक्षकापुढे पेच उभा राहतो. चेंडू लाथेने दूर भिरकावून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलायचे, जवळ असल्यास लाथेनेच गोल साधून तीन गुण पदरात पाडायचे, की धोका पत्करून उरलेले यार्ड काढायचा प्रयत्न करायचा?

या पेचाला गणिताची भाषा देण्याचे एक पहिले काम एका खेळाडूने केले. सिनसिनाटी बेंगल्स संघाचा क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील त्याचे प्राध्यापक रॉबर्ट माकॉल यांनी १९६९ च्या हंगामातील ५६ सामन्यांतल्या ८,३७३ खेळींची नोंद घेऊन १९७१ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी विचारलेला प्रश्न असा: मैदानाच्या अमुक जागी चेंडू ताब्यात असणे सरासरी किती गुणांच्या मोलाचे? प्रत्येक जागेसाठी त्यांनी पुढे कोणी व किती गुण मिळवले याची सरासरी काढली. स्वतःच्या गोलरेषेलगत चेंडू ताब्यात असण्याचे मूल्य ऋण निघाले. म्हणजे तेथे चेंडू आपल्याकडे असूनही पुढचे गुण प्रतिस्पर्ध्याला मिळण्याची शक्यता अधिक. ‘अपेक्षित गुण’ ही आज सर्वत्र वापरली जाणारी कल्पना या मार्गाने रुजली.

पुढचा मोठा टप्पा अर्थशास्त्रातून आला. डेव्हिड रोमर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात चौथ्या प्रयत्नाच्या निर्णयांची छाननी केली. त्यांचे एक उदाहरण शिक्षकांनी वर्गात वापरावे असे आहे. सामन्याच्या सुरुवातीलाच चेंडू गोलरेषेपासून दोन यार्डांवर आहे आणि चौथा प्रयत्न आहे. लाथेने गोल केला तर तीन गुण जवळपास नक्की. धोका पत्करला तर यशाची शक्यता सुमारे तीन सप्तमांश आणि यशाचे मोल सात गुण. सातचे तीन सप्तमांश म्हणजे तीनच. वरवर पाहता दोन्ही पर्याय सारखे. परंतु धोका पत्करून अपयश आले तरी प्रतिस्पर्ध्याला चेंडू मिळतो तो स्वतःच्याच गोलरेषेच्या उंबरठ्यावर, आणि त्या जागेचे मूल्य ऋण असते. म्हणून धोका पत्करणे सरस. रोमर यांच्या नमुन्यात असा धोका पत्करणे हितावह असलेले १,०६८ प्रसंग होते. त्यांपैकी ९५९ वेळा संघांनी लाथ मारणेच पसंत केले. लक्षावधी डॉलर पणाला लागलेले, रात्रंदिवस खेळाचा विचार करणारे लोक सातत्याने एकाच दिशेने चुकत होते. पुढील दोन दशकांत हा विचार मैदानापर्यंत पोहोचला आणि चौथ्या प्रयत्नाला धोका पत्करणारे प्रशिक्षक हळूहळू वाढले.

या दोन्ही अभ्यासांमधला समान दुवा म्हणजे खेळीनिहाय नोंद. कार्टर यांच्या काळी ती हाताने तयार करावी लागे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील तरुण संशोधकांनी लीगच्या संकेतस्थळावरील सार्वजनिक नोंदी गोळा करणारी संगणक प्रणाली लिहिली आणि २०१९ मध्ये तिच्या आधारे खेळाडूंचे मूल्यमापन करणारा निबंध प्रसिद्ध केला. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी आपली पद्धत कोणालाही पुन्हा करून पाहता येईल अशी असल्याचे नमूद केले होते. त्या कामाचा वारसा पुढे ‘एनएफएलफास्टआर’ या मोफत प्रणालीने चालवला. एका हंगामात चाळीस हजारांहून अधिक नोंदी आणि प्रत्येक नोंदीत साडेतीनशेहून अधिक रकाने: कितवा प्रयत्न, किती यार्ड बाकी, किती वेळ उरला, गुणांचा फरक किती, खेळीनंतर अपेक्षित गुणांत किती बदल झाला. प्रतिमानाची संगणक संहिताही उघडी. हे सारे उभे केले ते प्रामुख्याने स्वयंसेवकांनी.

लीगनेही एक पाऊल पुढे टाकले. खेळाडूंच्या खांद्यावरील कवचात बसवलेल्या चकत्यांमुळे प्रत्येकाची जागा सेकंदाला दहा वेळा नोंदली जाते. या विदेतील काही भाग लीग दरवर्षी ‘बिग डेटा बोल’ नावाच्या खुल्या स्पर्धेसाठी देते. २०२० च्या स्पर्धेत चेंडू घेऊन धावणारा खेळाडू किती यार्ड काढेल याचे भाकीत करायचे होते. ती जिंकली ऑस्ट्रियातील दोन विदातज्ज्ञांनी, ज्यांचा या खेळाशी फारसा परिचय नव्हता. त्यांचे प्रतिमान लीगने स्वतःच्या अधिकृत आकडेवारीत सामावून घेतले. आल्प्सच्या देशातील माणसाला जे जमले ते कावेरीच्या काठावरील विद्यार्थ्याला जमू नये, असे कोणतेही कारण गणितात नाही.

अर्थात त्या देशातील सर्वच विश्लेषण खुले आहे असे नाही. ढोबळमानाने त्याचे तीन थर दिसतात. पहिला थर वर्तमानपत्री बेरजांचा. दुसरा थर मानांकनांचा. एका प्रसिद्ध कंपनीचे निरीक्षक प्रत्येक खेळीत प्रत्येक खेळाडूला उणे दोन ते अधिक दोन या पट्टीवर गुण देतात. त्यांतून शंभरपैकी अंतिम मानांकन कसे तयार होते, याची संपूर्ण कृती बाहेरच्या माणसाला उपलब्ध नसते. तिसरा थर खुल्या नोंदींचा आणि खुल्या संहितेचा. दुसऱ्या थरातील आकडे अनेकदा अधिक बारकाईचे असतात, कारण त्यांच्यामागे शेकडो तासांचे मानवी निरीक्षण असते. पण विद्यार्थ्यासाठी तिसराच थर मोलाचा. तेथे निष्कर्षावर विश्वास ठेवावा लागत नाही. तो स्वतः काढून पाहता येतो आणि चुकीचा असेल तर चूकही दाखवून देता येते.

येथे रामानुजन यांच्या आयुष्यातील एक सर्वश्रुत प्रसंग वेगळ्या अर्थाने आठवतो. १९०३ च्या सुमारास, शाळेत असतानाच, त्यांच्या हाती कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील जॉर्ज कार यांचा सूत्रसंग्रह आला. काही हजार प्रमेये, ओळीने मांडलेली, सिद्धता नसलेली किंवा नावापुरती दिलेली. परीक्षार्थींसाठी तयार केलेले ते पुस्तक फार थोर नव्हते आणि तेव्हाच जुने झाले होते. तरी त्या मुलाने एकेक विधान घेऊन त्याची सिद्धता स्वतः शोधली आणि त्यातून त्याच्या प्रतिभेला वाट मिळाली. या कथेवरून बऱ्याचदा असा बोध काढला जातो की प्रतिभावंताला साधनांची गरज नसते. वस्तुस्थिती उलट आहे. एक साधन त्याच्यापर्यंत पोहोचले होते, कारण गावातील ग्रंथालयाच्या कपाटात ते होते आणि कोणीतरी ते बाहेर काढून दिले होते.

मात्र गणित आणि संख्याशास्त्र यांत एक फरक आहे. प्रमेय सिद्धतेविना हाती आले तरी कागद-पेन्सिलीने त्याची कसोटी घेता येते. तपासणीसाठी लागणारे सर्व काही विधानातच असते. ‘अमुक चढाईपटूचे मानांकन ८७’ या विधानाचे तसे नाही. ज्या नोंदींतून ते आले त्या नोंदी नसतील, तर रामानुजनसारख्या विद्यार्थ्यालाही ते खरे की खोटे हे ठरवता येणार नाही. संख्याशास्त्रातील कार यांचे पुस्तक म्हणजे कच्च्या नोंदी. त्या कपाटात कुलूपबंद असतील तर बाहेर कितीही हुशार विद्यार्थी उभा असो, तो बाहेरच राहतो.

आता कबड्डीकडे पाहावे. महाराष्ट्रातील हुतूतू आणि तमिळनाडूतील चडुगुडु ही एकाच खेळाच्या कुळातील नावे. कुंभकोणमचा परिसर तंजावरच्या भोसले राजांच्या अमलाखाली होता. कावेरीकाठ आणि कृष्णाकाठ यांचे धागे जुनेच आहेत, त्यांत हा खेळही आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत कबड्डी होती. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर खेळ घराघरांत पोहोचला आणि नियमांत एक असा पेच आला की अमेरिकन फुटबॉलच्या चौथ्या प्रयत्नाची आठवण व्हावी. सलग दोन चढाया कोरड्या गेल्या की तिसरी चढाई ‘करो या मरो’ ठरते: गुण मिळवा, नाहीतर बाद व्हा.

या एका नियमाभोवती किती प्रश्न आहेत, याचा विचार केला तरी विषयाची श्रीमंती कळते. पहिल्या चढाईतच धोका पत्करावा, की दोन चढाया कोरड्या घालवून तिसरीला आपला सर्वोत्तम माणूस पाठवावा? बचावात सहा किंवा अधिक खेळाडू असतील तरच बोनस मिळतो. मग सहावा खेळाडू परत येऊ देणे हे कधी तोट्याचे ठरते? बचावात तीन किंवा कमी खेळाडू उरले असताना पकड केली तर एक गुण जास्त मिळतो; म्हणजे संख्येने दुबळा झालेला संघ एका अर्थाने अधिक घातक होतो का? प्रतिस्पर्ध्यावर लोण चढवून दोन जादा गुण घेतले की त्याचे सातही खेळाडू पुन्हा मैदानात येतात. तर शेवटच्या मिनिटांत लोण चढवणे नेहमी शहाणपणाचे असते का? या प्रत्येक प्रश्नावर प्रशिक्षकांची ठाम मते आहेत. मतांना आकड्यांची जोड मात्र क्वचित मिळते.

आकडे काढण्याची पद्धत अवघड नाही. चढाई सुरू होताना चढाई करणाऱ्या संघाचे मैदानावर एक ते सात खेळाडू असतात, प्रतिस्पर्ध्याचेही एक ते सात. प्रत्येक संघाच्या सलग कोरड्या चढायांची संख्या शून्य, एक किंवा दोन. सात गुणिले सात गुणिले तीन गुणिले तीन म्हणजे ४४१ स्थिती. गुणांचा फरक आणि उरलेला वेळ तूर्त बाजूला ठेवला तर संपूर्ण खेळ या ४४१ घरांच्या पटावर मांडता येतो. प्रत्येक चढाई म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात उडी. या उड्यांच्या संभाव्यता कळल्या की प्रत्येक घराचे अपेक्षित मूल्य काढणे हा मार्कोव्ह साखळीचा नेहमीचा पाठ आहे. कार्टर आणि माकॉल यांनी मैदानाच्या यार्डांसाठी जे केले, नेमके तेच कबड्डीच्या पटासाठी. संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील हा प्रकल्प आहे.

अडते ते नोंदींपाशी. चाळीस मिनिटांच्या सामन्यात तीस सेकंदांच्या हिशेबाने साधारण ८० चढाया होतात. बारा संघ एकमेकांशी दोनदा खेळले तर साखळीत १३२ सामने, म्हणजे एका हंगामात सुमारे १०,५६० चढाया. ४४१ घरांत त्या सारख्या वाटल्या तरी प्रत्येक घराच्या वाट्याला जेमतेम २४ येतात. प्रत्यक्षात वाटणी विषम असते. सात विरुद्ध सातच्या आसपास नोंदींची गर्दी होते, तर दोन विरुद्ध तीनसारख्या निर्णायक स्थितींत त्या विरळ होतात. नेमकी जेथे सर्वांत जास्त उत्सुकता तेथेच पुरावा सर्वांत कमी. एका हंगामाच्या नोंदी त्यासाठी पुरणार नाहीत. आठ-दहा हंगामांच्या, एकाच पद्धतीने ठेवलेल्या, प्रत्येक रकान्याचा अर्थ स्पष्ट केलेल्या नोंदी लागतील. एकट्या विद्यार्थ्याने चित्रफिती पाहून त्या तयार करायच्या म्हटल्या तर त्याची पदवी संपेल आणि काम उरेल. लीगच्या संकेतस्थळावर खेळाडूंच्या व संघांच्या बेरजा व्यवस्थित मिळतात, उत्साही मंडळी विखुरलेले संग्रहही करतात. परंतु वर्षानुवर्षे जपलेले आणि विद्यापीठांनी विश्वासाने वापरावे असे अमेरिकन फुटबॉलच्या तोडीचे सामायिक भांडार या खेळाभोवती उभे राहिलेले नाही.

याची किंमत केवळ अभ्यासकांना मोजावी लागते असेही नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचे पुरुष उपांत्य फेरीत आणि महिला अंतिम फेरीत इराणकडून पराभूत झाल्या. इराणच्या त्या सुवर्णविजेत्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. एका मराठी प्रशिक्षिकेचे ज्ञान दुसऱ्या देशाच्या यशाचा पाया ठरते, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि अंतर्मुख करणारीही. भारतात या खेळाचे ज्ञान मुबलक आहे, पण ते बव्हंशी व्यक्तींच्या अनुभवात साठलेले आहे. लिहून ठेवलेली, तपासून पाहता येणारी, पुढच्या पिढीला जशीच्या तशी सोपवता येणारी विद्या त्यातून फारशी झालेली नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी एका ‘करो या मरो’ चढाईच्या गुणांवरून सामना बराच वेळ थांबला आणि शेवटी भारताने तो ३३–२९ असा जिंकला. एका चढाईवर सुवर्णपदक हेलकावे खात असेल, तर त्या चढाईचे मोल किती, हे आकड्यांत माहीत असणे चैनीचे म्हणता येणार नाही.

क्रिकेटचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. पावसाने अडलेल्या सामन्याचे लक्ष्य ठरवण्यासाठी केरळमधील अभियंता व्ही. जयदेवन यांनी स्वतंत्र पद्धत तयार केली आणि २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या बेंगळुरूच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. क्रिकेट हा त्यांचा व्यवसाय नव्हता. तरीही त्यांना प्रस्थापित डकवर्थ-लुईस पद्धतीला आव्हान देता आले, कारण डावांची आकडेवारी आणि त्या पद्धतीचे मूळ कोष्टक सर्वांसमोर होते. त्यांची पद्धत पुढे देशांतर्गत स्पर्धांत आणि तमिळनाडू प्रीमियर लीगमध्ये वापरली गेली. आज मात्र आंतरराष्ट्रीय सामन्यांत वापरली जाणारी सुधारित आवृत्ती संगणक प्रणालीत बंद आहे. प्रेक्षकाला लक्ष्य कळते, ते कसे आले हे हाताने पडताळता येत नाही. आयआयटी मद्रासच्या सहकार्याने २०१९ मध्ये एका प्रमुख क्रिकेट संकेतस्थळाने नशिबाचा वाटा मोजणारे निर्देशांक आणले. प्रयत्न स्तुत्य आहे, परंतु तेथेही वाचकाच्या हाती येतो तो मुख्यतः निष्कर्ष. चेंडूनिहाय खुल्या नोंदी मिळतात त्या ‘क्रिकशीट’ या संकेतस्थळावर, जे एका व्यक्तीच्या चिकाटीतून उभे राहिले. जगातील सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाच्या देशातील विद्यार्थ्याने परक्या स्वयंसेवकाच्या सौजन्यावर अवलंबून राहावे, हे भूषणावह नाही.

या मागणीवर काही आक्षेप घेतले जातील आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप मालकीचा. नोंदी तयार करायला पैसा लागतो, त्यांना बाजारमूल्य असते. लीगने ते फुकट का द्यावे? उत्तर असे की ताज्या नोंदींना जे बाजारमूल्य असते ते हंगाम संपताच झपाट्याने घटते, शैक्षणिक मूल्य मात्र वाढत जाते. हंगाम संपल्यावर सहा महिन्यांनी नोंदी खुल्या केल्या तर लीगचे फारसे नुकसान नाही. सट्टेबाजीला खतपाणी मिळेल, ही भीतीही याच विलंबाने बरीच कमी होते. दुसरा आक्षेप खेळाडूंच्या खासगीपणाचा. तो अधिक गंभीर आहे. हृदयाचे ठोके, दुखापतींचा इतिहास, अंगावरील उपकरणांनी टिपलेली हालचाल हा खेळाडूचा वैयक्तिक ऐवज आहे आणि त्याच्या संमतीविना तो बाहेर येता कामा नये. पण हजारो प्रेक्षकांसमोर झालेली चढाई यशस्वी झाली की नाही, ही सार्वजनिक घटना आहे. या दोन प्रकारांत स्पष्ट रेषा आखता येते आणि आखली पाहिजे.

तिसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. गणितासारख्या गंभीर विषयाने खेळांच्या मागे का लागावे? याला उत्तर रामानुजन यांच्या गुरुमित्राकडेच आहे. जी. एच. हार्डी यांना क्रिकेटचे वेड होते. लिटलवुड यांच्यासह १९३० मध्ये लिहिलेल्या, आजही विश्लेषणशास्त्रात पायाभूत मानल्या जाणाऱ्या निबंधात त्यांनी मूळ प्रश्न समजावून देण्यासाठी फलंदाजाच्या धावांच्या सरासरीचे रूपक वापरले. १९४५ मध्ये त्यांनी गोल्फवर एक छोटा गणिती निबंध लिहिला. केंब्रिजमध्ये रामानुजन यांचे मित्र झालेल्या प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी एका मासिकातील घरक्रमांकांचे कोडे त्यांच्यापुढे ठेवले होते आणि रामानुजन यांनी उत्तरादाखल एक अखंड परंपरित अपूर्णांक सांगितला होता. त्याच महालनोबीसांनी पुढे १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. करमणुकीचे कोडे आणि गंभीर गणित यांच्यातील भिंत या मंडळींनी फार उंच मानली नाही.

तेव्हा करावे काय? २०१२ पासून केंद्र सरकारचे विदा खुली करण्याचे धोरण आहे आणि त्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळही आहे. खेलो इंडिया आणि राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा यांवर सार्वजनिक पैसा खर्च होतो. २०२४ च्या जानेवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धा तमिळनाडूतच झाल्या. तेथील कबड्डी, खो-खो, हॉकीच्या सामन्यांच्या घटनानिहाय नोंदी याच धोरणाखाली प्रसिद्ध होऊ शकतात. व्यावसायिक लीगनी जुन्या हंगामांच्या नोंदी विलंबाने खुल्या कराव्यात आणि वर्षातून एकदा विद्यार्थ्यांसाठी खुली स्पर्धा घ्यावी. विद्यापीठांनी संख्याशास्त्राच्या प्रकल्पांत परदेशी नमुना-संचांऐवजी किंवा त्यांच्या बरोबरीने या नोंदी वापराव्यात. नोंदी ठेवण्याचा एक सामायिक आराखडा, म्हणजे कोणते रकाने आणि त्यांचा अर्थ काय, सांख्यिकी संस्थेसारख्या मान्यवर संस्थेने घालून दिला तर वेगवेगळ्या ठिकाणचे काम एकमेकांना जोडता येईल.

हे सारे होईपर्यंत विद्यार्थ्यांनी थांबून राहण्याचे कारण नाही. अमेरिकन फुटबॉलच्या खुल्या नोंदी आज उपलब्ध आहेत; पद्धत शिकण्यासाठी त्यांचा खुशाल उपयोग करावा. रोमर यांचे चौथ्या प्रयत्नाचे गणित स्वतः करून पाहावे आणि ते नव्या हंगामांना लागू पडते का ते तपासावे. त्यानंतर आठ-दहा जणांनी मिळून जवळच्या एका कबड्डी स्पर्धेच्या चढाया वहीत टिपाव्यात: दोन्हीकडचे खेळाडू किती, कितवी कोरडी चढाई, निकाल काय, वेळ किती उरला. एकाच चढाईची नोंद दोघांनी स्वतंत्रपणे करावी आणि त्या किती वेळा जुळत नाहीत हेही लिहून ठेवावे. मोजमापातील चूक म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकापेक्षा तेथे लवकर कळते. चाळीस-पन्नास सामन्यांची अशी वही कुंभकोणम, कोल्हापूर आणि बारामती येथे एकाच आराखड्यावर तयार झाली आणि सर्वांसाठी खुली ठेवली गेली, तर भांडाराचा पहिला दगड बसेल. अमेरिकेतील भांडारही अशाच हाताने टिपलेल्या ८,३७३ खेळींपासून वाढत गेले आहे.